सेक्रेटरीसाहेबांना कन्नड येत नव्हतं

टेनिस हा खेळाडूंचा खेळ आहे, अशी माझी सुरुवातीला समजूत होती. मग जिल्ह्याची टेनिस संघटना जवळून बघितली आणि कळलं, की खेळाडू ही त्यातली एक नाइलाजाची गोष्ट आहे. ते नसते तर संघटनेचं काम आणखी सुरळीत चाललं असतं. संघटनेत एक डॉक्टर होते, एक वकील होते, साखर कारखान्याचे एक संचालक होते, आणि यांच्यापैकी कुणाच्याही हातात मी बक्षीस समारंभाशिवाय रॅकेट पाहिली नाही. तेव्हाही ती त्यांनी भजी तळायच्या झाऱ्यासारखी धरलेली. डॉक्टरांच्या दवाखान्याच्या माडीवर सभा व्हायची. मला हे ठाऊक आहे, कारण एकदा बक्षीस घ्यायला म्हणून मला तिथं बोलावलं आणि दाराशी तासभर बसवून ठेवलं. सगळी सभा इंग्रजीत चालली होती. चालली होती म्हणजे लंगडत होती. घरी ही माणसं आपापल्या आयांशी मराठी, कन्नड, गुजराती, मारवाडी बोलायची. वकीलसाहेब तर आष्ट्याचे, उसाच्या बांधावर 'आमी-तुमी' करत वाढलेले. पण माडीचा जिना चढला की सगळ्यांच्या जिभेला टाय बांधलेला असायचा. 'द मॅटर इज' म्हणून सुरुवात करायची, मॅटर काय आहे ते इंग्रजीत सापडलं नाही की खोकायचं आणि पुढचा बटाटेवडा उचलायचा. सूचना इंग्रजीत, नियम इंग्रजीत, फळ्यावरचे सामने इंग्रजीत. पोरांचे बाप दुसऱ्याला वाचून दाखवायला सांगायचे. मला वाटायचं, हे अज्ञान आहे. तसं नव्हतं. ज्या बापाला सूचना वाचता येत नाही तो तक्रार घेऊन माडी चढत नाही, एवढं त्या मंडळींना नेमकं कळत होतं.

आम्ही सांगलीजवळ माधवनगरला गिरणीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते विणकाम खात्यात जॉबर होते, म्हणजे मागाचे साचे बिघडले की सगळे त्यांच्याकडे बघायचे. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की थोड्या वेळानं अण्णा दारात उभे राहायचे आणि त्यांच्या भुवयांवर, कानांच्या केसांवर, मिशीवर कापसाचे तंतू बसलेले असायचे. आई ते बोटांनी टिपून काढायची आणि तोंडानं त्यांना रागवत राहायची. आई अथणीकडची, म्हणून आम्ही तिला अव्वा म्हणायचो. ती रागवायची कन्नडमध्ये, अण्णा उत्तर द्यायचे मराठीत, आणि दोघांचं भांडण कुठंही न अडखळता तासभर चालायचं. घर जैनांचं. कांदा, लसूण, बटाटा उंबऱ्याच्या आत यायचा नाही. अव्वा शेंगांची चटणी उखळात कुटायची. ती इतकी बारीक आणि तेलकट व्हायची की गोळा करून ठेवता यायचा. तव्यावर वाळवलेली कडक भाकरी मोडल्याचा आवाज शेजारच्या क्वार्टरमध्ये ऐकू जायचा. सणाला खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली दाट खीर. आणि सगळ्यावर एकच कायदा: दिवस मावळायच्या आत जेवण. चातुर्मासात तर मावळल्यावर पाणीसुद्धा नाही. अव्वा संध्याकाळी पश्चिमेकडं अशी बघायची, जशी बाकीच्या बायका घड्याळाकडं बघतात. सूर्य टेकला की आधी लेकरांच्या हातात पाण्याचा तांब्या. ते पाणी प्यायलं की रात्रभर तहान लागली तरी लागली नाही म्हणायचं. मला या कायद्याचा त्रास झाल्याचं आठवत नाही. माणसाला घरच्या कायद्याचा त्रास होत नाही, परक्यांच्या होतो.

क्वार्टरच्या मागं गिरणीच्या साहेबलोकांचं टेनिस कोर्ट होतं. लाल मातीचं, भोवती जाळी. मॅनेजरसाहेबांच्या बायकोला, कोकिळाबेनना, खेळाची भारी हौस. पण इतर अधिकाऱ्यांच्या बायका उन्हानं काळ्या पडू या भीतीनं कोर्टावर येत नसत. व्हरांड्यात बसून सरबत पीत. एकटीनं खेळता येत नाही, म्हणून कोकिळाबेननी एक दिवस जाळीतून बघणाऱ्या मला आत ओढलं आणि हातात रॅकेट दिली. त्या साडी खोचून खेळायच्या. मराठी त्यांना येत नव्हतं, मला गुजराती येत नव्हतं, आणि त्यामुळे शिकवणीत एका दिवसाचाही खंड पडला नाही. 'बॉल जो, सुमन, बॉल जो!' एवढं एक वाक्य त्या ओरडायच्या. चेंडूकडं बघ. माझं सगळं टेनिस त्या वाक्यात आहे. पुढं मोठमोठ्या शिबिरांमध्ये सूटबूट घातलेल्या माणसांनी मला तासन्‌तास इंग्रजीत जे ऐकवलं, ते या दोन शब्दांच्या पलीकडं कधी गेलं नाही.

माझ्या भावाची नात सध्या सांगलीत टेनिस शिकते. तिला मी परवा विचारलं, तुमचे सर काय शिकवतात? म्हणाली, आजी, आधी कोर्टवर फक्त इंग्लिश बोलायचं ते शिकवतात. सरांचं गाव पलूसच्या पुढं आहे. पालकांचा मोबाइलवर ग्रुप आहे, त्यात सूचना येतात. माझ्या भाचेसुनेला त्यातलं निम्मं कळत नाही आणि ती प्रत्येकाखाली हात जोडलेलं चित्र टाकते. म्हणजे माडी गेली, वडे गेले, खोकला फोनमध्ये आला. असो.

संघटनेचे सेक्रेटरी मंगसुळीकर हे आमच्याच गिरणीत कामगार अधिकारी होते. अण्णांची पाळी, रजा, बढती सगळं त्यांच्या सहीनं चालायचं. नावावरून कुणालाही कळेल की घराणं मंगसुळीचं, सीमेपलीकडचं. पण साहेब चारचौघांत 'आम्ही मूळचे पुण्याचेच' म्हणायचे. बोलणं पेठेतलं, नाकातून. 'हो ना', 'बरं का', 'काय झालंय ना' असलं. हीच व्यक्ती महिन्यातून एकदा-दोनदा आमच्या मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात यायची, चुलीजवळ पाटावर मांडी घालायची आणि म्हणायची, 'अक्का, हेंगदीरी?' अक्का, कशा आहात? घरी त्यांच्या बायकोला कन्नड येत नव्हतं, मुलांना त्यांनी येऊ दिलं नव्हतं, आणि आई वारल्यापासून त्यांना ती भाषा बोलायला जागाच उरली नव्हती. अव्वापाशी ते पोटभर बोलायचे. हुग्गी दोनदा मागून घ्यायचे. लहानपणीच्या ओढ्याच्या, म्हशीच्या गोष्टी सांगताना त्यांचं नाकातलं बोलणं कुठल्या कुठं जायचं आणि ते बरे दिसायला लागायचे. अव्वाला त्यांची माया होती. 'तम्मा' म्हणायची ती त्यांना, धाकटा भाऊ. मीसुद्धा त्यांना काका म्हणायचे. जिभेनं खाल्लेलं माणूस विसरतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ही गोष्ट घडली त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला निवड स्पर्धा ठेवली. सातारा आणि सांगली मिळून मुलींमधली एकच जण पुण्याला राज्याच्या स्पर्धेला जाणार होती. पुण्याला जाणं म्हणजे काय, हे आता कुणाला समजावून सांगता येणार नाही. वर्गातल्या मुलींची लग्नं ठरायला लागली होती. माझ्यासाठीही दोन ठिकाणं येऊन गेली होती, आणि अण्णा म्हणाले होते, पोरगी पुण्याला खेळून येईपर्यंत थांबू. त्या एका वाक्याच्या आडोशाला मी उभी होते. निवड झाली तर आणखी वर्षभर खेळता येणार होतं. नाही झाली तर कोर्ट संपलं. अण्णांना गिरणीतून रजा मिळाली नाही, म्हणून अव्वा माझ्याबरोबर आली. एसटीत तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेल्या कडक भाकऱ्या, चटणीचा डबा, आणि पितळेचा फिरकीचा तांब्या, पाणी गाळायच्या फडक्यासकट. साताऱ्यात एका ओळखीच्या जैन घरी उतरलो. तिला खेळातलं काहीही कळत नव्हतं. कोर्टाच्या जाळीबाहेर एका दगडावर ती बसायची आणि मी चेंडू मारला की 'अय्यो' म्हणायची, तो आत पडो की बाहेर.

तिथंच मला विजया भेटली, पाटणकडची. वडील फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. पोरगी छावण्यांमध्ये वाढली आणि अधिकाऱ्यांच्या कोर्टावर खेळायला शिकली. उंच, काळी, हसली की सगळे दात दिसायचे. पहिल्याच दिवशी नळावर हात धुताना तिनं मला विचारलं, 'तू सांगलीची व्हय? मंग तुज्याशीच गाठ हाय माजी. बाकीच्या समद्या पावडर लावून आल्यात.' तिची ही बोली ऐकून संघटनेची माणसं एकमेकांकडं बघून हसायची. संचालकसाहेबांची मुलगीही स्पर्धेत होती. ती पहिल्याच सामन्यात विजीकडून पार धुऊन निघाली आणि जाताना पंचांना 'थँक यू सो मच' म्हणाली. त्या उच्चारानं कमिटीचे चेहरे असे उजळले, की जणू सामना तिनंच जिंकला.

विजीचं भाकीत खरं ठरलं. शेवटचा सामना आमच्या दोघींचा झाला. पंच पुण्याहून आलेले. पांढरी टोपी, पांढरी पँट, उंच खुर्ची. ते अस्सल मराठी माणूस होते. दुपारी जेवताना आमटीत मीठ कमी आहे म्हणून आचाऱ्यावर शुद्ध मराठीत खेकसल्याचं मी ऐकलं होतं. पण खुर्चीवर चढले की त्यांना मराठी कळायचं बंद व्हायचं. सामना दुपारी लावला होता. तो सुरू झाला पाहुण्यांच्या भाषणांनंतर, म्हणजे ऊन उतरल्यावर. पहिला सेट विजीनं घेतला, दुसरा मी. तिसऱ्यात मी पुढं होते. दिवाळीतले दिवस लहान, आणि साताऱ्याला पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर. सपाटीवर माधवनगरला जो सूर्य सावकाश मावळायचा, तो इथं डोंगरामागं एकदम उडी टाकल्यासारखा जायचा. अव्वाच्या हे लक्षात आलं आणि तिचा जीव वरखाली व्हायला लागला. चातुर्मास चालू होता. पोरगी मघापासून घामाघूम धावते आहे, आणि आता दिवस बुडला तर सकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही.

'सुमा, नीर कुडी!' ती जाळीतून ओरडली. पाणी पी.

पंचांनी मान वळवली. 'नो कोचिंग फ्रॉम आउटसाइड. वॉर्निंग.'

मी अव्वाला हातानं खूण केली, गप्प बस म्हणून. तिनं ती खूण, ऐकू आलं नाही, अशी घेतली. मी पुढचे पॉइंट घेतले. एका पॉइंटवर सामना होता, सर्व्हिस माझी. चेंडू वर फेकायला हात उचलला आणि मागून अव्वाचा आवाज आला, शेतातून शेतात हाक मारावी तसा: 'नीर कुडी, सुमा! होत्त मुळगाकत्तैति!'

'कोचिंग,' पंच म्हणाले. 'पॉइंट पेनल्टी.' आणि माझा पॉइंट विजीला दिला. बरोबरी झाली.

मी खुर्चीपाशी गेले. मराठीत सांगितलं, ती पाणी प्यायला सांगते आहे, खेळातलं काही नाही. 'इंग्लिश प्लीज,' पंच म्हणाले. मला इंग्रजीत 'वॉटर' एवढंच सुचलं. त्यांनी खांदे उडवले. कमिटी पहिल्या रांगेत खुर्च्यांवर बसली होती, आणि मधोमध मंगसुळीकर. माझा जीव भांड्यात पडला. मी वळून म्हटलं, 'काका, नीव हेळ्री.' काका, तुम्ही सांगा.

पंचांनीही त्यांच्याकडं पाहिलं. 'मिस्टर मंगसुळीकर, यू आर अ लोकल मॅन. व्हॉट इज शी सेइंग?'

ते उठले. कोटाचं बटण लावलं. एकदा डॉक्टरांकडं पाहिलं, एकदा संचालकांकडं. माझ्याकडं पाहिलं नाही. 'आय हॅव नो आयडिया,' ते म्हणाले, आणि मग सगळ्यांना नीट कळावं म्हणून, नाकातून, मराठीत: 'काय आहे ना, आम्हाला कन्नड येत नाही हो.'

जाळीला धरून अव्वा उभी होती. तिच्यापासून ते हाकेच्याही अंतरावर नव्हते, त्याहून जवळ होते.

हे मी इतक्या वर्षांनी लिहिते आहे आणि अजूनही मला त्यांच्याविषयी राग येत नाही. राग यायला समोर माणूस लागतो. तिथं कोट होता आणि बटण होतं. जो माणूस आपल्या आईच्या भाषेत हुग्गी मागून खातो आणि पुण्याच्या पांढऱ्या टोपीसमोर ती भाषा थुंकून टाकतो, त्याला वाईट म्हणण्याइतकंही मोठं करू नये. आणि तो एकटा नव्हता, हे सांगायलाच हवं. त्या रांगेत बसलेल्यांपैकी निम्म्यांना 'नीर' म्हणजे पाणी हे माहीत होतं. मिरजेच्या बाजारात एकदा गेलेल्या माणसालाही ते माहीत असतं. सगळे कोर्टाच्या रेषांकडं बघत बसले.

बोलली ती विजी. ती जाळ्यावरून, म्हणजे मधल्या नेटवरून, वाकून पंचांना म्हणाली, 'आवं सर, पानी पी म्हंती तिची आय. दिस बुडाय लागलाय म्हंती. मला येतंय की कन्नड, मी बेळगावात वाढलीय.'

'इंग्लिश.'

विजीनं कपाळावरचा घाम पुसला आणि जी काही होती ती इंग्रजी गोळा केली. 'मदर सेइंग ड्रिंक वॉटर. सन गोइंग. ओन्ली वॉटर, सर. पॉइंट हर.' त्या उच्चारांवर पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं.

'ऑपोनंट कॅनॉट इंटरप्रीट,' पंच म्हणाले. असा नियम टेनिसमध्ये नाही. मी नंतर सगळी पुस्तकं पाहिली. तो त्यांनी तिथं, खुर्चीवर बसल्या बसल्या, तयार केला. 'प्ले.'

मी डोंगराकडं पाहिलं. सूर्याची वरची कड राहिली होती. खेळावं, की पाणी प्यावं, असा काही मोठा विचार मी केला असं आठवत नाही. अव्वा तांब्या हातात घेऊन रडत होती, एवढं दिसलं. आपल्यामुळं पोरीचं काहीतरी बिघडलं आहे हे तिला कळलं होतं, काय बिघडलं ते कळलं नव्हतं. मी रॅकेट खाली ठेवली, फाटकातून बाहेर गेले, तिच्या हातातला तांब्या घेतला आणि उभ्यानं घटाघटा प्यायले. पाणी गळ्यावरून फ्रॉकवर सांडलं. मागून पंचांचा आवाज आला, परवानगीशिवाय कोर्ट सोडलं म्हणून सामना विजयाला.

'कोन जिकलं?' विजीनं विचारलं.

'यू.'

'मी कशी? मी तर हराय लागलेले.' ती खुर्चीपाशी गेली नाही, पंचांच्या पुढं केलेल्या हाताकडं बघितलं आणि सरळ फाटकातून बाहेर आली. अव्वासमोर ओंजळ धरली. 'अव्वा, ननगू कोडरी,' मलाही द्या. अव्वानं राहिलेलं पाणी तिच्या ओंजळीत ओतलं, आणि डोंगराच्या मागचा लाल रंग हळूहळू विझला. पाठीमागं कमिटी खुर्च्या सरकवत उठल्याचा तेवढा आवाज आला.

विजीनं विजय नाकारल्यामुळं मात्र पंचाईत झाली. पुण्याला नाव तर कळवायला हवं. माडीवर सभा झाली. ठरलं असं, की सुमन आणि तिच्या आईनं पुण्याच्या पंचांची माफी मागावी, बाहेरून कोचिंग केलं हे कबूल करावं, मग उदार मनानं सामना पुन्हा खेळवू. नाहीतर सुमन आणि विजया, दोघीही बाद. हे सांगायला दोन दिवसांनी मंगसुळीकर आमच्याकडं आले. नेहमीसारखे मागच्या दारानं.

सकाळची वेळ. अण्णा पाळीला जायच्या तयारीत, अव्वा भाकऱ्या थापत होती. साहेबांनी पाट ओढून घेतला, मांडी घातली आणि हसत म्हणाले, 'अक्का, हेंगदीरी?'

अव्वानं भाकरी तव्यावर टाकली. हात धुतले. बाहेरच्या खोलीत गेली, पाहुण्यांसाठी ठेवलेली एकुलती एक खुर्ची पदरानं पुसली आणि दारातून त्यांच्याकडं बघत उभी राहिली.  शेवटी ते पाटावरून उठले आणि बाहेर येऊन खुर्चीवर बसले.

त्यांनी अण्णांना सगळं समजावून सांगितलं. 'पोरीचं नुकसान करू नका अण्णा. दोन शब्द बोलायचेत फक्त. त्या पंचांचाही मान राहायला हवा ना. मी सांगीन, बाई अशिक्षित आहे, तिला नियम माहीत नाहीत.' मग अव्वाकडं वळून, खालच्या आवाजात, मायेनं: 'अक्का, तप्पातु अंत हेळ्री. साकु.' चूक झाली म्हणा, बास.

अण्णा खाली बघत होते. समोर त्यांच्या पाळीचा मालक बसला होता. आणि मला पुण्याला जायचं होतं. इतकं जायचं होतं की त्या क्षणी मला कुणाचाही अपमान आठवत नव्हता; ठिकाणं घेऊन येणारे पाहुणे तेवढे आठवत होते. माफी मागते, असं म्हणायला मी तोंड उघडलंसुद्धा.

अव्वाचं मराठी म्हणजे आमच्या आळीत करमणूक होती. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूला पुरुष-बाई नसते, त्यामुळं तिची भाकरी 'तो' असायची, दूध 'ती' असायची, आणि भाजीवाल्याची पोरं मुद्दाम तिला बोलतं करायची. त्या दिवशी ती खुर्चीसमोर उभी राहिली, पदर खांद्यावरून घेतला आणि मराठीत म्हणाली:

'तुम्हाला कन्नड येत नाही, हे मी साताऱ्यात माझ्या कानांनी ऐकलं. म्हणून मराठीत सांगते, म्हणजे गैरसमज नको. माझ्या मुलीनं चूक केलेली नाही. मी केलेली नाही. माफी कुणीही मागणार नाही. तुम्हाला ह्यांच्याशी काही काम असेल तर ते गिरणीत बोला. आमच्या घरी यायची तसदी घेऊ नका.'

एकही लिंग चुकलं नाही. एकही प्रत्यय सुटला नाही. शाळेतल्या बाईंनी फळ्यावर लिहावं तसं.

मंगसुळीकर तिच्याकडं बघत राहिले. त्यांनी तोंड उघडलं, आणि कुठल्या भाषेत बोलावं हे त्यांना सापडेना. मी ते स्पष्ट पाहिलं. कन्नड तिनं काढून घेतलं होतं, मराठी तिनं स्वतःकडं ठेवलं होतं, आणि इंग्रजी आमच्या खोलीत कुणासाठी बोलणार? ते उठले आणि पुढच्या दारानं गेले. चपला मागच्या दाराशी राहिल्या होत्या. त्या नेण्यासाठी क्वार्टरला वळसा घालून त्यांना पुन्हा आमच्या स्वयंपाकघरासमोरून जावं लागलं.

पुढं व्हायचं ते झालं. अण्णांना रात्रपाळी लागली आणि गिरणी बंद पडेपर्यंत ती सुटली नाही. कोर्ट फक्त अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी, अशी पाटी लागली, अर्थात इंग्रजीत. कोकिळाबेन नवऱ्याशी गुजरातीत भांडभांड भांडल्या, पण पाटी हलली नाही. पुण्याला संचालकांची मुलगी गेली, पहिल्याच फेरीत हरली आणि परत आल्यावर तिचा सत्कार झाला. माझं लग्न ठरलं. विजी पुढं शाळेत खेळाची शिक्षिका झाली आणि पोरींना 'दिसतंय तसं सांग, कुनाला भ्यायचं न्हाई' असं शिकवत निवृत्त झाली. सेक्रेटरी मात्र आणखी बरीच वर्षं सेक्रेटरी राहिले. खेळाला त्यांच्यावाचून चालत नव्हतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी साहेब जाईपर्यंत तव्यावरची भाकरी करपली होती. मी भिंतीला टेकून रडत होते, पुण्यासाठी. अण्णा डबा हातात घेऊन दारात उभे होते. भोंगा होऊन गेला होता, त्यांना उशीर झाला होता, आणि ते निघत नव्हते. अव्वाकडं ते असे बघत होते, की जणू इतकी वर्षं घरात दुसरंच कुणी राहत होतं.

'एवढं शुद्ध मराठी तुला कधीपासनं येतंय गं?' त्यांनी विचारलं.

अव्वानं करपलेली भाकरी उलथन्यानं काढून बाजूला टाकली.

'पहिल्यापासून येत होता,' ती म्हणाली. 'काम पडली नव्हती.'